गप्प झांजेची खूण

मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याकडे जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक रंगतं. त्यातल्या संवादांना लिहिलेली संहिता नसते. नट आयत्या वेळी बोलतात. तेव्हा ध्वनिमुद्रण बिघडलं, तर ते बोलणं पुन्हा मिळायचं नाही.

हल्ली पेटी, मृदंग, झांज नि नट यांचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेऊन संगणकावर जुळवतात. आवाज साफ करणारे, त्याला घुमारा देणारे छोटे जोडकार्यक्रम ट्रॅकवर बसवतात, हेच प्लगिन. नट भाषण करतो तेव्हा झांज गप्प असते. पण माईकला गप्प बसणं ठाऊकच नाही. तो रातकिडेही टिपतो. म्हणून तंत्रज्ञ तो भाग कापून टाकतो. आता तिथं निखळ शून्यं उरली. तरी प्लगिन सेकंदाला 48,000 शून्यं दळतच राहतो! अशी रिकामी जाती पंचवीस-तीस झाली की साधा संगणक धापा टाकू लागतो.

स्टाइनबर्ग कंपनीच्या, 2008 साली आलेल्या व्हीएसटी-3 पद्धतीत यावर तोड आहे. आवाजाच्या प्रत्येक तुकड्याबरोबर 64 घरांची एक खूण जाते, एकेका वाहिनीला एकेक घर. घरात 1 असला की ती वाहिनी मुकी समजायची.

खरी गोम पुढंच आहे. आत शांतता आली म्हणून बाहेरही आलीच, असं नव्हे. मृदंगावर शेवटची थाप पडली, आत शून्य सुरू झालं, पण घुमारा अजून विरतो आहे. तेवढ्यात प्लगिन थांबवला, तर थाप कोयत्यानं छाटल्यागत तुटते. म्हणून घुमारा किती वेळ उरेल, हे प्लगिननं यजमान कार्यक्रमाला सांगायचं असतं. शिवाय मुकेपणाची खूण केली तरी शून्यं भरावीच लागतात. यजमानानं ती खूण वाचलीच नाही, तर मागचा उरलासुरला कचरा कर्ण्यातून खरखरत बाहेर यायचा.

2022 साली आलेल्या क्लॅप पद्धतीत खूण 'मुकं' म्हणत नाही, 'स्थिर' म्हणते. म्हणजे तुकड्यातले सारे आकडे सारखे. ते शून्य आहेत का, हे एक आकडा पाहून कळतं. मला ही बोली अधिक सरळ वाटते. इथं प्लगिन स्वतःच 'मी झोपतो' असं कळवू शकतो. मग झांज पुन्हा वाजेपर्यंत त्याला कुणी उठवायला नको.