घरी भरलेले काडतूस : थोडी बचत, मोठी जोखीम

जोगेश्वरीतल्या आपल्या बऱ्याच कुटुंबांचे गाव कोकणात आहे. तिथे रानडुक्कर व वानरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक ठेवतात. कुठे ठासणीची, कुठे बारा बोअरची. काडतूस महाग, म्हणून रिकाम्या पुंगळ्या घरीच भराव्यात किंवा ओळखीच्या लेथवाल्याकडे द्याव्यात, असे कुणाला वाटेल. आम्ही कापडवाले. मापात चूक झाली तर आमचा वीतभर कपडा वाया जातो. दारूच्या मापात चूक झाली तर हात किंवा डोळा जातो.

अमेरिकेत हा छंद कायदेशीर आहे. तिथे दारू ग्रेनवर तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. तरी चुका होतातच. एकाच पुंगळीत दारू दोनदा पडली की नळी फुटू शकते. दारू पडलीच नाही, तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अडकते आणि पुढचा बार घात करतो. काळ्या दारूच्या जागी तेवढ्याच मापाने बिनधुराची दारू भरली, तर दाब कितीतरी वाढतो. टोपी तर ठोक्यानेच पेटणारी चीज. ठासणीच्या बंदुकीत बार झाल्यावर लगेच दारू ओतली, तर आत राहिलेली ठिणगी ती पेटवते.

आता कायदा पाहा. शस्त्र कायदा १९५९, कलम ५ प्रमाणे काडतूस बनवणे आणि विकणेच नव्हे, तर बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. पंचवीस-पन्नास रुपयांच्या मजुरीसाठी गाळा, मशीन आणि अब्रू पणाला लावणे हा कुठला हिशेब?

भंगारवाल्या भावांनीही सावध असावे. पितळेच्या मालात न उडालेले काडतूस निघाले तर ते ठोकू नये, कापू नये, भट्टीत टाकू नये. बाजूला राहून पोलिसांना कळवावे.

ज्याच्याकडे परवाना आहे त्याने परवानाधारक दुकानातूनच काडतूस घ्यावे, बिल जपावे. कारागिराने मात्र असे काम ओळखीच्या माणसाचे असले तरी साफ नाकारावे. एक गिऱ्हाईक गेले तर दुसरे येईल. गेलेला हात परत येत नाही.