ऊस बिल, क्रिप्टो पोर्टफोलिओ आणि तिजोरीची किल्ली



ऊस बिल खात्यावर जमा झाले, की सल्ला देणारेही दारात जमा होतात. सध्या 'क्रिप्टो पोर्टफोलिओ'ची चर्चा आहे. "काका, तुम्ही फक्त पैसे द्या, बाकी आम्ही बघतो," असे सांगितले जाते. "यात घालावं का?" असे विचारणाऱ्या सभासदांसाठी हे चार शब्द.

ब्लॉकचेन म्हणजे हिशेबाची वही. तिच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर असतात, म्हणून झालेली नोंद कुणा एकाला खोडता येत नाही. काट्याची पावती साऱ्या गावाकडे असावी, तसेच हे. अशा वहीवर २००९ साली बिटकॉइन सुरू झाले. २०१५ साली इथेरियम आले आणि वहीतच करार लिहून ठेवण्याची सोय झाली. अट पुरी झाली, की करार आपोआप अमलात येतो.

अनेकांचे पैसे जाणकाराने वेगवेगळ्या नाण्यांत गुंतवायचे, हा व्यवस्थापित पोर्टफोलिओ. त्याच्या दोन तऱ्हा. पहिलीत पैसा माणसाच्या किंवा कंपनीच्या हाती जातो. दुसरीत तो ब्लॉकचेनवरच्या करारात, जणू तिजोरीत, राहतो. करार नीट लिहिलेला असेल, तर व्यवस्थापकाला खरेदी-विक्री करता येते, पण पैसा उचलून नेता येत नाही. तरी त्याचा अंदाज चुकला तर तोटा आपलाच. करारात खोट राहिली तर चोर शिरतो. शिवाय त्याची फी असतेच.

पहिल्या तऱ्हेचा दाखला दूरचा नाही. गेनबिटकॉइन योजनेत १८ महिने दरमहा १० टक्के देण्याचे आश्वासन होते. हजारो लोक अडकले. २०१८ साली पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली, पण अटकेने पैसा परत येत नाही. ठरावीक परताव्याची हमी देणारा दिसला, की तिथूनच माघारी फिरावे.

खरे नाणेही कोसळते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलरवर गेलेले बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या आसपास आले. बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, याला तो नाही.

कराचेही ध्यानात घ्यावे. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, विक्रीवर १ टक्का कपात होते आणि एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून हेही करमुक्त, असे समजू नये.

एवढे समजूनही ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी असे करावे :

१. फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेल्या एक्सचेंजवर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पॅनवर खाते उघडावे. नोंदणी म्हणजे पैशाची हमी नव्हे.
२. वॉलेटचे १२ किंवा २४ शब्द कागदावर लिहून कुलपात ठेवावेत. कुणालाही, अगदी पाव्हण्यालाही, सांगू नयेत.
३. पैसा कोण काढू शकतो, फी किती, करार तपासला कोणी, हे आधी विचारावे.
४. अगदी थोडी रक्कम घालावी, ती परत काढून बघावी, मगच पुढचा विचार.

सोसायटीचे कर्ज, खोडव्याचे खत आणि मुलांची फी बाजूला काढल्यावर जे उरेल, आणि जे बुडाले तरी पुढची लागण अडणार नाही, तेवढेच यात घालावे. उसनवारीचा पैसा तर नकोच. ज्याच्या हाती किल्ली, त्याचाच पैसा, एवढे ध्यानी ठेवले तरी पुष्कळ.