ड्रायव्हर झोपतो कुठे?

श्रीलंकेच्या सहलीचा कागद हातात पडला की गिऱ्हाईक आधी हॉटेलांचे तारे मोजतं. सहली आखणारी आम्ही माणसं मात्र आधी भलतंच बघतो : या हॉटेलात ड्रायव्हरची सोय आहे का?

यात भूतदया फारशी नाही, हिशेब आहे. कटुनायकेच्या विमानतळावर जी गाडी तुम्हाला घ्यायला येते तीच, त्याच ड्रायव्हरसकट, शेवटच्या दिवशी तुम्हाला तिथे सोडते. तिकडची रीतच तशी. म्हणजे मधल्या सगळ्या रात्री तोही घराबाहेर. मोठ्या हॉटेलांत मागच्या अंगाला ड्रायव्हरांसाठी खोली असते, ओळीने मांडलेल्या खाटा, पंखा आणि रात्रीचं जेवण. फुकट, नाहीतर नावापुरते पैसे घेऊन. चार खोल्यांच्या घरगुती गेस्टहाउसात हे बहुधा नसतं. मग त्याची खोली तुमच्या खर्चात येते, आणि ‘साधं, स्वस्त, घरगुती’ म्हणून घेतलेली जागा मधल्या दर्जाच्या हॉटेलाच्या भावात पडते.

बँकेतून निवृत्त झालेले पुण्याचे एक काका-काकू असेच होमस्टेच हवा म्हणून हटून बसले होते. ड्रायव्हरच्या खोलीचे पैसे वेगळे पडतील म्हटल्यावर काका म्हणाले, “त्याचं तो बघेल.” त्याने बघितलं. एल्लाला पहाटे काकू फिरायला बाहेर पडल्या, तर गडी गाडीच्या बॉनेटवर आरसा टेकवून दाढी करतोय, मागची सीट आडवी केलेली. त्या रात्रीपासून काकूंनी प्रत्येक घरमालकिणीला गाठून ओसरीवर गादी घालायला लावली. भाषेची अडचण त्यांना कुठेच आली नाही. आणि काका? त्यांनी परतल्यावर मला फोन करून विचारलं, “हे आधी का नाही सांगितलंत?”

ड्रायव्हरच्या झोपेपेक्षा नाजूक विषय म्हणजे त्याचं कमिशन. कँडीच्या वाटेवर मावनेल्ला आणि मातलेच्या बाजूला मसाल्याच्या बागा आहेत. एप्रन घातलेला एक गोड बोलणारा माणूस तुम्हाला दालचिनीचं साल सोलून दाखवतो, मानेला तेल चोळून देतो, एखाद्याच्या हातावर मलम लावून तिथले केस पुसून काढतो, आणि शेवटी दुकानात नेऊन सोडतो. तिथे जो भाव सांगतात त्यात गाडीवाल्याचा वाटा असतो. रत्नांच्या दुकानांचं तेच, बाटिकचं तेच. हे चोरून चालतं असंही नाही. दिवसाचा दर कमी ठेवायचा आणि उरलेलं दुकानातून काढायचं, अशी ती व्यवस्थाच आहे. गाडीचा सगळ्यांत स्वस्त दर शोधून काढणाऱ्याच्या वाट्याला दुकानंही सगळ्यांत जास्त येतात, ती का, ते आता कळलं असेल.

निवृत्त शिक्षिकांच्या एका ग्रुपने पहिल्याच दिवशी बजावलं, “आम्हाला एकही दुकान नको.” ड्रायव्हर हसून “ओके मॅडम” म्हणाला. तिसऱ्या दिवशी ग्रुपच्या बाईंचा फोन आला. गाडीचा एसी नीट चालत नाही, चहाला थांबलं की ड्रायव्हर तासभर दिसत नाही. मी तिकडच्या एजंटाला गाठून त्याचा रोजचा भत्ता वाढवून दिला. दुपारपर्यंत एसी सुधारला. तेव्हापासून ‘नो शॉपिंग’ म्हणणाऱ्यांना मी दर जास्तच सांगते आणि तो का जास्त तेही सांगते. निम्मे लोक म्हणतात, “मग एखादी बाग बघू की.”

आता नकाशा. श्रीलंका ६५,६१० चौरस किलोमीटरची, महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी. त्यामुळे ‘सगळी लंका आठवड्यात’ असा बेत घेऊन येणाऱ्यांना तोटा नाही. कोलंबो ते कँडी अंतर ११५ किलोमीटर, म्हणून ‘दोन तास’ असं लिहून आणतात. लागतात तीन ते चार. रस्ता चांगला आहे, पण तो गावागावांच्या बाजारातून जातो आणि पुढे बस असते. एक्स्प्रेसवे सोडले तर ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटर धरावेत, घाटात त्याहून कमी.

नाशिकचं एक मोठं कुटुंब आलं होतं. भाच्याने लॅपटॉपवर बेत आखलेला : जाफना, त्रिंकोमाली, सिगिरिया, कँडी, एल्ला, याला, गॉल, कोलंबो. रोज नवं गाव, रोज नवं हॉटेल. मुलगा हुशार होता, अंतरांची बेरीज बरोबर होती. मी एकच विचारलं, “आजींना किती वेळाने उतरावं लागतं?” आजी कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाल्या, “तासाला.” भाच्याने लॅपटॉप मिटला. जाफना गेलं, त्रिंकोमाली गेलं. प्रत्येक मुक्कामी किमान दोन रात्री हा नियम आम्ही तेव्हाही लावला आणि अजूनही लावतो. मुक्काम हलवला की अर्धा दिवस जातो, आणि बसने फिरणाऱ्याचाही जातो, पंचतारांकितवाल्याचाही. पैसे टाकून तो परत मिळत नाही.

मोसमाचं गणितही असंच पैशाला जुमानत नाही. या बेटाला दोन पावसाळे. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, तो बेंटोटा, हिक्कडुवा, मिरिस्सा या बाजूला. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो त्रिंकोमाली-पासिकुडाकडे. म्हणून आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत समुद्र हवा असेल तर पूर्वेला जायचं, नाताळात दक्षिणेला. पण मेमध्ये बेंटोट्याची हॉटेलं भाव पाडून बसतात, आणि कुणीतरी तो भाव मोबाइलवर दाखवून मला विचारतंच, “तुम्ही दुप्पट कशाचे घेता?” जुलैत अलिबागला समुद्रकाठची खोली कोणी ‘ऑफर’मध्ये घेतली असेल तर त्याला उत्तर द्यावं लागत नाही. बाकीच्यांना मी लाल बावट्याचा फोटो दाखवते. पोहायला मनाई असलेल्या किनाऱ्यावरचा, मागे तेच हॉटेल.

ज्याच्यापाशी खरंच कमी पैसे आहेत त्याला मात्र या बेटाने एक उपकार करून ठेवलाय, आणि तो म्हणजे रेल्वे. कँडी ते एल्ला सहा-सात तासांचा प्रवास, चहाच्या मळ्यांतून चढत चढत पट्टिपोला स्टेशनापर्यंत, जे जवळजवळ १,९०० मीटरवर आहे. ‘पोडी मेणिके’ आणि ‘उदरट मेणिके’ या तिथल्या नावाजलेल्या गाड्या. आरक्षण महिनाभर आधी खुलतं आणि बघता बघता संपतं. लोकांना वाटतं फर्स्ट क्लासच घ्यावा. एसीच्या डब्यात खिडक्या बंद असतात, काचेतून फोटो काढला की त्यात आपलंच तोंड येतं.

ठाण्याच्या एका मामांनी हट्टाने फर्स्ट क्लास घेतला होता. भाचे कंपनीला तिकिटंच मिळाली नाहीत, त्यांनी स्टेशनावर थर्ड क्लासचं बिनआरक्षणाचं काढलं. नानु ओयाला मामा उतरून त्यांना शोधत आले, तर एक भाचा दारात पाय सोडून बसलेला, दुसऱ्याच्या हातात कागदाच्या पुडीतले डाळवडे, आणि तिसऱ्याला एका शाळकरी पोराने सिंहलीत शिव्या शिकवायला घेतलेल्या. मामा तिथेच चढले. पुढचा प्रवास उभ्याने केला. मामी एकट्या एसीत, त्यांनी झकास झोप काढली. (सहा तास सहन होणार नसतील तर नानु ओयालाच चढावं. वरचा सुंदर भाग तिथून पुढे आहे, हे मी सगळ्यांना सांगते आणि कोणी ऐकत नाही.)

पडद्यामागे त्या दिवशी काय चालतं? तुमची गाडी तुमच्या बॅगा घेऊन रिकामी डोंगर चढत असते. ड्रायव्हर एल्ला स्टेशनबाहेर येऊन थांबतो, रेल्वे उशिरा येते, तो डुलकी काढतो. रिकाम्या गाडीचंही भाडं द्यावं लागतं, यावरून वाद घालणारे असतातच. त्यांना मी सांगते, बॅगा मांडीवर घ्या आणि बसने फिरा. ते विनोदाने म्हटलेलं नसतं. पुण्याच्या कॉलेजातल्या दोघी अक्षरशः तशाच फिरून आल्या. लाल सरकारी बस, खाजगी बस, गावात रिक्षा, कोलंबोत ‘पिकमी’ ॲप. गाडीवाल्या ग्रुपचा जेवढा नुसता वाहनखर्च झाला, त्यात त्यांचं राहणं-खाणं सगळं बसलं. एकदाच अडलं. बसमधली पुढची सीट भिक्खूंसाठी राखीव असते. एक म्हातारे भिक्खू बसलेले, शेजारची जागा रिकामी, ही बसायला गेली. कंडक्टरने काही न बोलता तिची बॅग उचलून इंजिनापाशी ठेवली आणि मागच्या सीटवरच्या एका तरुणाला उठवून तिला तिथे बसवलं. बाईने भिक्खूंच्या शेजारी बसायचं नसतं, हे तिला संध्याकाळी घरमालकिणीकडून कळलं.

सिगिरियाबद्दल थोडक्यात. पाचव्या शतकातल्या कश्यप राजाचा तो खडकावरचा किल्ला, वर जायला बाराशेच्या आसपास पायऱ्या, आणि परदेशी माणसाला तिकीट भरमसाट. भारतीय पासपोर्टला सार्कची सवलत मिळते, पासपोर्ट मात्र जवळ लागतो. आई-वडिलांचं तिकीट कमी आणि अमेरिकन पासपोर्टवाल्या मुलाचं पूर्ण, यावरून तिथल्या खिडकीवर आमच्या एका कुटुंबात चांगलीच जुंपली होती. समोरचा पिदुरंगल चढायला तिकीट किरकोळ, आणि वरून सिगिरिया दिसतो. सिगिरियावरून सिगिरिया दिसत नाही. ज्यांची मधला खर्च करायची तयारी आहे त्यांना मी तिथे एक रात्र जेफ्री बावांनी कड्याला चिकटवून बांधलेल्या कंदलम्याच्या हॉटेलात काढायला सांगते, बाकी रात्री गेस्टहाउसात. खिडकी उघडी टाकू नका, माकडं आत येतात.

अनुराधपूरला मात्र काटछाट करायची नाही, हे मला नागपूरकडच्या कुटुंबांनी शिकवलं. बाबासाहेब १९५० साली बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते, आणि संघमित्रेने नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचं झाड अनुराधपूरला आहे. ही मंडळी समुद्र मागत नाहीत, पांढरे कपडे घेऊन येतात आणि दिवसभर स्तूपांच्या आवारात रमतात. त्यांच्याच एका ताईंनी सांगितलेली युक्ती मी आता सगळ्या कागदांवर छापते : मोजे न्या. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी दगड पाय भाजतात.

खाण्याचा किस्सा सांगायलाच हवा. सदाशिव पेठेतल्या एक आजी, कांदा-लसूण चालणाऱ्या पण अंडंही न खाणाऱ्या. तिकडची पोल सांबोल, म्हणजे ओल्या खोबऱ्याची लाल चटणी, त्यांना इतकी आवडली की सकाळी अप्प्यांबरोबर, दुपारी भाताबरोबर, रात्री परत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आचाऱ्याकडे कृती मागितली. ड्रायव्हरने मला फोन लावला, “मॅडम, सांगू का?” त्यात उंबलकड असतं, मालदीवचा वाळवलेला मासा कुटून घातलेला. शाकाहाराची सूचना हॉटेलपर्यंत पोचलीच नव्हती. सांगायला लागणारच होतं, मी सुनेला सांगितलं, सुनेने आजींना. फोनवर बराच वेळ शांतता. मग आजी म्हणाल्या, “तरीच. म्हटलं, माझी अशी का होत नाही.” पुढचे दिवस त्यांनी ‘सैव कडे’मध्ये, म्हणजे तिथल्या तमिळांच्या शाकाहारी खानावळीत काढले. डोसा, वडा, भात, कोवळ्या फणसाची भाजी. हॉटेलच्या बुफेच्या पासंगालाही पुरणार नाही एवढं बिल.

बुफेवरून आठवलं. दर पौर्णिमेला तिथे पोयाची सुट्टी असते आणि दारूविक्री बंद. वैशाखी पौर्णिमेला, वेसाकला, तर हा बंद एका दिवसापुरताही राहत नाही. एका सोसायटीचा ग्रुप नेमका वेसाकला कँडीत. तारीख आम्ही आधी कळवली होती, वाचली कोणी नव्हती. बार बंद बघून पुरुषमंडळींची तोंडं उतरली. ड्रायव्हर म्हणाला, चला, कंदील बघायला नेतो. रस्तोरस्ती ‘दन्सल’ मांडलेले, म्हणजे फुकट अन्नदानाचे मांडव. पोरं झेंडे हलवत गाडी अडवतात, खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत. एका मांडवात भात-आमटी, पुढे उकडलेले चणे, त्यापुढे गोड कॉफी, मग आइस्क्रीम. तासाभराची फेरी चार तास चालली. हॉटेलचा मॅनेजर मला फोन करून विचारत होता, तुमची तीस माणसं कुठे आहेत, बुफे उचलायचा का? मंडळी मध्यरात्री परतली आणि कोणाला पाणीसुद्धा जात नव्हतं. परत आल्यावर सेक्रेटरींनी त्या रात्रीच्या जेवणाचे पैसे वजा करून मागितले. हॉटेलने अर्थातच दिले नाहीत.

पुढच्या वर्षी वेसाकच्या ग्रुपला कागद पाठवताना मी त्या तारखेसमोर लिहिलं, ‘रात्रीचं जेवण समाविष्ट नाही’, आणि दर तेवढा उतरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पहिला फोन : “मॅडम, बाकी सगळं छान आहे हो, पण एक जेवण खाल्लंत तुम्ही!”