दिवा विझतो, दोष उरतो

माहुलकरांना पेट्रोलचा वास नवा नाही. १९५४-५५ पासून येथे दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू आहेत. परिसरातील साठवण टाक्यांतून निसटणाऱ्या वाफांचा प्रश्न तर राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचला. माहुल व आंबापाडा येथील रहिवाशांच्या तक्रारीवर लवादाने २०१५ आणि २०२० मध्ये निकाल दिले, त्यांच्या केंद्रस्थानी याच वाफा होत्या. अशाच वाफांवर आणि धुरावर नजर ठेवणारा एक छोटा पहारेकरी आता प्रत्येक नव्या मोटारीत बसलेला असतो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. डॅशबोर्डवरील इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा हे त्याचे तोंड.

'चेक इंजिन' या नावामुळे गैरसमज होतो. इंजिन बंद पडणार, असे हा दिवा सांगत नाही. गाडी ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक प्रदूषण करीत असावी, एवढेच तो सुचवितो. ही कल्पना धुरक्याने गांजलेल्या कॅलिफोर्नियातील. १९९६ पासून ती साऱ्या अमेरिकेत सक्तीची झाली. भारतात चारचाकींसाठी ओबीडी-१ ही स्वयंतपासणी यंत्रणा १ एप्रिल २०१० पासून, तर अधिक काटेकोर ओबीडी-२ ही १ एप्रिल २०१३ पासून आली.

खरी डोकेदुखी ठरतो तो पुन्हा पुन्हा लागणारा दिवा. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो, कोड पुसला जातो, दिवा विझतो आणि मालक समाधानाने घरी जातो. आठवड्याभरात दिवा परत हजर! यात गूढ काही नाही. कोड पुसला की संगणकाची स्मृती कोरी होते आणि सर्व चाचण्या नव्याने सुरू होतात. त्यांतील काहींना इंजिन पूर्ण तापलेले आणि वेग काही काळ स्थिर असावा लागतो. माहुलहून चेंबूर स्थानकापर्यंतच्या रखडत्या फेऱ्यांत तो योग लवकर येत नाही. शिवाय बहुतेक दोष सलग दोन-तीन फेऱ्यांत आढळल्याखेरीज दिवा पेटतच नाही. मधले दिवस दुरुस्तीचे नसतात, प्रतीक्षेचे असतात.

दुसरी चूक अधिक महाग पडते. कोडमध्ये ज्या भागाचे नाव येते, तोच भाग बदलला जातो. कोड लक्षण सांगतो, कारण नव्हे. उदाहरणार्थ, 'पी ०१७१' म्हणजे इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे. ही बातमी ऑक्सिजन सेन्सर देतो, म्हणून त्यालाच काढून टाकणे हे निरोप्याला शिक्षा करण्यासारखे आहे. चांगला मेकॅनिक आधी दोष नोंदला गेला त्या क्षणीचे इंजिनाचे तापमान, वेग व भार पाहतो. ही नोंद संगणक जपून ठेवतो, पण कोड पुसताच तीही जाते. मग संगणक पेट्रोल किती टक्के वाढवून देत आहे, हे तो तपासतो. गाडी उभी असताना हा आकडा मोठा आणि इंजिनाची गती वाढविताच कमी होत असेल, तर एखादी रबरी नळी चिरून बाहेरची हवा आत शिरत असण्याचा संभव अधिक. उलट भार पडल्यावर आकडा चढत असेल, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर पाहावा. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत गंजलेले कनेक्टर आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हाही मुंबईचा नेहमीचा अनुभव. नवा सेन्सर घेण्यापूर्वी त्या तपासण्यास फारसा खर्च येत नाही.

परदेशी माहिती वाचून अनेक जण प्रथम टाकीचे झाकण आवळतात. अमेरिकेत हा उपाय लागू पडतो, कारण तेथील मोटारी टाकीतून वाफ गळते का, हे स्वतः तपासतात. भारताने आपली मानके युरोपच्या वळणावर बेतली. त्यांत वाफ इंजिनाकडे सोडणाऱ्या झडपेच्या विद्युतजोडणीवर लक्ष ठेवणे पुरेसे मानले जाते. त्यामुळे येथे झाकण आवळून दिवा विझण्याची आशा कमीच. झाकण घट्ट असावे ते वाफेसाठी, आणि ती काय असते हे माहुलला सांगावे लागत नाही.

दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकू लागला तर मात्र वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नसल्याचा तो इशारा असतो. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्यातील मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळू शकते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप असतो. काही शे रुपयांचा प्लग वेळेत न बदलल्याने हजारो रुपयांचा कन्व्हर्टर जातो तो असा.

पीयूसी प्रमाणपत्राने निश्चिंत होण्यातही अर्थ नाही. पेट्रोल गाडीची ही चाचणी गाडी उभी असताना होते; तीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. दिवा पेटलेला असूनही प्रमाणपत्र मिळू शकते.

जुनी गाडी घेणाऱ्याने तर विझलेल्या दिव्याकडे विशेष संशयाने पाहावे. किल्ली फिरविताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे. न लागल्यास तो काढून टाकलेला असू शकतो. स्कॅनरवर बऱ्याच चाचण्या 'अपूर्ण' दिसत असतील, तर कोड नुकताच पुसला असण्याची किंवा बॅटरी काढली असण्याची शक्यता असते. अशा वेळी गाडी मोकळ्या रस्त्यावर पुरेशी चालवून स्कॅनर पुन्हा जोडावा आणि मगच किमतीचे बोलावे.