भाषांची तुलना करताना : आयते ग्रंथसंच

ग्रंथसंच (लायब्ररी) : वारंवार लागणारे काम एकदा लिहून व पडताळून, पुढील कोणत्याही प्रोग्रामच्या हवाली करता येईल असा आज्ञावलींचा संग्रह.

वरोऱ्याच्या शेजारचा दाखला : वरोऱ्याच्या पूर्वेस असलेल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात पाऊलवाटांच्या दुतर्फा लावलेले कॅमेरे वाघाच्या दोन्ही कुशी टिपतात, प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची रचना निराळी असल्यामुळे कोणता वाघ कोणत्या कॅमेऱ्यासमोर कितीदा आला याचे दप्तर तयार होते, आणि त्या दप्तरावरून, छायाचित्रात मुळीच न आलेल्या वाघांचाही हिशेब धरून, दर १०० चौरस किलोमीटरमागील घनता काढण्याचे जे बिकट संख्याशास्त्रीय गणित आहे, ते ‘आर’ भाषेतील ‘सेकर’ या विनामूल्य संचात आयते मिळते. ज्या भाषेत असा संच उपलब्ध नाही, तिच्यात ते स्वतः लिहून सिद्ध करण्यावाचून गत्यंतर नसते.

भांडारे (असे संच जेथून मागवता येतात ती ठिकाणे, सुरू झाल्याच्या सालासह) : ‘आर’चे क्रॅन, १९९७. पायथनचे पायपीआय, २००३. जावास्क्रिप्टचे एनपीएम, २०१०.

भेद : भाषेसोबतच येतो तो प्रमाण संच, भांडारातून मागवावा लागतो तो बाह्य संच.

परभाषेतील काम : ‘सेकर’मधील जड आकडेमोड सी++ मध्ये आहे. पायथनचा नमपाय हा संच रेषीय बीजगणितासाठी ब्लास व लॅपॅक या दोन संचांचा आधार घेतो. या दोहोंचे मूळ लेखन फोर्ट्रानमधील.

परावलंबन : मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हा अवघ्या ११ ओळींचा संच कर्त्याने एनपीएमवरून काढून घेतला, तेव्हा जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली.