एक कपाट, अनेक वहिवाटी

आपल्या शाळेत दोन-चार संगणक असले की एक सोय हवीशी वाटते. सगळे दप्तर एकाच यंत्रात ठेवावे आणि बाकीच्यांनी ते जाळ्यातून आपापल्या पडद्यावर उघडावे. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९८४ साली अशी पद्धत तयार केली, तिला एनएफएस म्हणतात. विंडोजची यंत्रे मुख्यतः एसएमबी ही दुसरी पद्धत वापरतात. या दोन जगांत दुभाष्याचे काम करणारी ‘सांबा’ ही प्रणाली ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास सुरू केली.

पण कपाट एक झाले म्हणून वहिवाट एक होते का? नाही. यंत्राचा कारभार पाहणाऱ्या प्रत्येक कार्यप्रणालीची रीत निराळी.

आधी नावांचे पाहू. इंग्रजीतले मोठे आणि लहान अक्षर लिनक्सला वेगळे वाटते, विंडोज सहसा दोन्ही एकच मानते. लिनक्सवर फाइलीला ‘१०:३० ची सभा’ असे नाव खुशाल देता येते, पण त्यातले ते दोन टिंबांचे चिन्ह विंडोजला चालत नाही.

आता आपल्या मराठीचे घ्या. ‘दुसऱ्या सत्राचे गुण’ यातला ‘ऱ’ यंत्रात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: अखंड अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता म्हणून. डोळ्यांना फरक दिसत नाही. मॅक संगणकांची जुनी साठवणपद्धत, एचएफएस प्लस, नावातली अशी अक्षरे सोडवून ठेवत असे. लिनक्स मात्र नावामागच्या आकड्यांची रांग तेवढी जुळवून पाहते. मग त्या मॅकवरून आलेली फाइल यादीत दिसते, पण नाव टंकून मागावी तर उत्तर येते, ‘अशी फाइल नाही.’ निकालाच्या दिवशी असे झाले तर गुरुजींनी काय करावे?

तिसरी गोष्ट अधिक जपण्याची. एनएफएसच्या जुन्या आवृत्त्या माणसाला नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखतात. एका यंत्रावर १००१ म्हणजे गणिताच्या बाई आणि दुसऱ्यावर तोच क्रमांक इंग्रजीच्या गुरुजींचा असेल, तर बाईंची गुणपत्रके गुरुजींना आपली म्हणून उघडता येतील, बदलताही येतील. यात कुणाची लबाडी नाही. चौथ्या आवृत्तीत नावे पाठवण्याची सोय झाली, पण दोन्हीकडची नावे जुळली नाहीत तर फाइलीचा मालक ‘कोणी नाही’ असा दिसू लागतो.

तेव्हा एवढे करा. इंग्रजी नावे लहान अक्षरांत ठेवा, विरामचिन्हे टाळा. जाळे जोडून देणाऱ्याला विचारा, ‘सगळ्या यंत्रांवर प्रत्येकाचा क्रमांक एकच आहे ना?’ मराठी नावे सोडू नका. ‘ऱ’ असलेली एक फाइल करून ती प्रत्येक यंत्रावर नावाने शोधून आणि उघडून पाहा. आणि गुणपत्रकांची एक प्रत जाळ्याबाहेर ठेवा. ही पारख सुट्टीत करावी, परीक्षेच्या धामधुमीत नव्हे.