अंडी उबवण्याच्या पेटीत पंखा कशाला?

थर्माकोलचा खोका, बल्ब, थर्मोस्टॅट आणि पाण्याची वाटी. घरी अंडी उबवायला एवढं पुरेल असं वाटतं. मग त्यात जुन्या कॉम्प्युटरचा पंखा कशाला? गार करायला तर नक्कीच नाही.

गरम हवा वर जाते, त्यामुळे बंद खोक्यात वर आणि तळाशी वेगवेगळं तापमान असतं. कोंबडीच्या अंड्यांना मात्र २१ दिवस साधारण ३७.५ अंश सेल्सिअस लागतं. सतत एखादा अंश कमी पडला तर पिल्लं उशिरा निघतात. तेवढाच जास्त झाला तर कमजोर निघतात, किंवा कवचातच मरतात. पंखा हवा फिरवत ठेवतो, म्हणून थर्मामीटरवर दिसतं जवळपास तेच प्रत्येक अंड्याला मिळतं. फक्त झोत थेट अंड्यांवर नको, आणि ताज्या हवेसाठी खोक्याला भोकं हवीत.

खुडूक कोंबडीही हेच करते: कडेची अंडी मधे, मधली कडेला सरकवते. त्यात अंडी फिरतात, म्हणून गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटत नाही. हे काम पंख्याचं नाही. १८व्या दिवसापर्यंत, दिवसातून तीनदा तरी, अंडी तुम्हालाच फिरवावी लागतील.

आणि पेटी आधी एक दिवस रिकामी चालवून बघा. तापमान स्थिरावलं, तरच अंडी ठेवा.